न सांगितलेला हिवाळा

ओट्यावर ऊन आलं की मावशी पदर डोक्यावर ओढून घेत आणि म्हणत, "विलायतेत ऊन पडलं की माणसं खुर्च्या घेऊन बाहेर येतात. इथं आपण दारं लावतो."

होळी गावात आमच्या केळीच्या वाडीला लागूनच त्यांचं घर. नवरा लवकर वारला, तेव्हा त्या मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडं मुलं सांभाळायला राहिल्या. त्या कुटुंबाबरोबर आधी विलायतेला आणि मग न्यूझीलंडलाही जाऊन आल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास भावाकडं परतल्या. तेव्हापासून सगळे त्यांना विलायतवाली मावशी म्हणत.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. जग पाहून आलेलं आणि ते रोज थोडं थोडं वाटणारं. मावशी हवा वाटत. "आपला पाऊस मुक्कामाला येतो," त्या सांगत. "तिथला बाराही महिने येतो, पण उभ्या उभ्या. दोन थेंब टाकले की चालला." पानगळीत तिथली झाडं उघडी पडतात, पण मरत नाहीत, निजतात, असं त्या म्हणाल्या तेव्हा माझे वडील चिंतेत पडले. "केळ अशी निजली तर आम्ही खायचं काय?"

न्यूझीलंडची हवाही तशीच बेताची, फक्त महिने उलटे. तिथं नाताळ उन्हाळ्यात येतो, हे त्यांच्या भावाला पटेना.

"मग गोठ्यात बाळ येशू कुडकुडला कसा?"

"ते फादरना विचार. मी तिथं पोरांचे ओले कपडे वाळत घालत होते."

वसंतातली फुलं, रात्री जेवणानंतरही रेंगाळणारा उन्हाळ्यातला उजेड, सफरचंदं, सगळं त्यांच्या बोलण्यात येई. हिवाळा मात्र येत नसे. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांची भाची, याच भावाची मुलगी, मुंबईत नर्स झाली होती. तिला विलायतेतल्या एका इस्पितळात बोलावणं आलं. बाप तयार नव्हता, आई रडत होती. मावशी पोरीची बाजू घेणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेजारी म्हणून मीही तिथं बसलो होतो.

 मावशी सरळ भाचीकडं पाहून म्हणाल्या, "तिथं हिवाळ्यात दुपारच्या चहालाच दिवस मावळतो. सूर्य दिसला तरी त्याची ऊब लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात बसून रडायचे. वाटलं, मोठा आजार झाला. डॉक्टर म्हणाला, काही नाही. शेजारच्या घरात मद्रासची एक आया होती. तिच्या छातीत थंडी बसली. झाडांना पालवी फुटायच्या आत ती गेली."

 भाऊ म्हणाला, "झालं तर. पोरीला पाठवायची नाही."

"मी असं कुठं म्हटलं?" मावशी एकदम उसळल्या. "आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. हिला मी सांगून पाठवते."

भाऊ महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्या भर मे महिन्यात ओट्यावर बसून लोकरीचा स्वेटर विणत होत्या. घामानं सुई हातातून निसटे. येणारेजाणारे हसत. मधेच भाचीला हाक मारून त्या एखादी सूचना देत. "पाय ओले ठेवायचे नाहीत." "दिवस उजाडला की बाहेर पडायचं, काम नसलं तरी." पोरगी कंटाळून म्हणे, "कळलं गो, आते." जायच्या आदल्या दिवशी भावानंच बाजारातून तिच्यासाठी जाड मोजे आणले आणि काही न बोलता बहिणीपुढं ठेवले.

भाची विलायतेला गेली. पुढच्या वर्षी श्रावणात मावशी तापानं वारल्या. तिला येता आलं नाही.

ती आली ती काही वर्षांनी, रजेवर. दफनभूमीतून परतताना आमच्या वाडीच्या बांधावर भेटली. मी विचारलं, "पहिला हिवाळा कसा गेला?"

"रडले," ती म्हणाली. "पण आजारी आहे असं नाही वाटलं."

मग तिनं चपला हातात घेतल्या आणि पाटाच्या पाण्यातून पलीकडं गेली.