जे पडंल ते

धाकटीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा आमच्या आईनं तिची एकच शिफारस केली होती : "जे पडंल ते करते." आमच्या चाकूरकडं पोरीची याच्याहून मोठी शिफारस नसते. शिक्षण, रंग, उंची सगळं त्याच्या मागून येतं. स्थळ काही जमलं नाही, कारण धाकटीला लग्न नको होतं, इंग्लंडला जायचं होतं.

तिनं लातूरला नर्सिंग केलं, नांदेडच्या दवाखान्यात पाच वर्षं काढली, इंग्रजीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाली. मी थोरली बहीण, नायगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणून तिच्या कागदांचा सगळा कारभार माझ्याकडं. मला विचारल्याशिवाय ती सहीसुद्धा करत नव्हती. त्याची मला लई घमेंड होती, आता कबूल करते.

तिकडच्या एका लहान गावात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर होतं. त्याच्या मालकीणबाईंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, धाकटी पसंत पडली. पण बाई म्हणाल्या, माझं लायसन अजून यायचंय, थांबशील का? आम्ही चक्रावलो. लायसन नर्सचं असतं, मालकिणीला कशाला लागतं? बाबांना वाटलं, बाईंना गाडी शिकायची असंल.

मग मी नियम वाचत बसले. परदेशातलं शिकलेलं माणूस कामाला बोलवायचं तर आधी मालकानं त्यांच्या सरकारची परवानगी काढायची, तेच हे लायसन. अर्ज ऑनलाइन भरायचा, पाठोपाठ धंदा खरा असल्याचे, विम्याचे कागद द्यायचे. जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव लिहून द्यायचं. वाटलं तर सरकारी माणूस जागेवर येऊन बघून जातो. सगळं पटलं की मालकाचं नाव सरकारी यादीत चढतं, आणि मगच त्याला प्रत्येक नर्सच्या नावानं सर्टिफिकेट देता येतं. त्यात कोणतं काम करायचं तेही लिहिलेलं असतं. यादी जगात कुणालाही बघता येते. मी रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटरवर ती उघडायची. बाईंचं नाव दिसलं त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले, आणि मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही की कुणाचं काय झालं.

त्याच नियमांत पुढं होतं, माणूस कामावर आला नाही तर मालकानं कळवायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, काम बदललं तरी कळवायचं. मी हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "पोरगी नोकरीवर चाललीय का जामिनावर?" मी त्यांच्यावर खेकसले. पण ते बोलणं मनात रुतून बसलं, ते काही निघालं नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग तिथली स्वयंपाकीण सोडून गेली आणि मालकीणबाईंनी धाकटीला विचारलं, आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाकघर बघशील का? दोनाचे चार दिवस कधी झाले ते कळलं नाही. धाकटी हे कौतुकानं सांगायची. म्हातारे तिच्या हातचं सूप मागून पितात म्हणे. मलाही बरं वाटायचं. काम बदललं तरी कळवायचं, ही ओळ मी स्वतः वाचलेली होती, तरी मला ती आठवली नाही. स्वयंपाक हे काय काम असतंय, असंच आमच्या डोक्यात.

एक दिवस तिचा फोन आला की सरकारी माणूस तपासणीला येणार आहे, प्रत्येकीशी वेगळं बोलणार आहे, काय सांगू? आमच्या शाळेत तपासणी आली की आम्ही पोरांकडून उत्तरं घोकून घेतो. मी तिचंही तेच केलं. इथं काय काम करतेस असं विचारलं तर काय म्हणायचं, ते मी सोप्या इंग्रजीत बसवून दिलं : जे पडेल ते करते. आणि हसून म्हण, कामाची लाज नाही असं दिसलं पाहिजे. तिनं पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं. मी शाबासकी दिली.

तपासणी झाल्यावर ती खुशीत होती. साहेब लई गोड होता, सगळं लिहून घेतलं, स्वयंपाकघरात किती दिवस असतेस असंही विचारलं. तिनं चार सांगितले. तेव्हा कुठं मला ती काम बदललं तर कळवायची ओळ आठवली. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा यादी उघडायला लागले.

दोन महिने नाव जागेवर होतं. एका सोमवारी नव्हतं. वरचं नाव होतं, खालचं होतं. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, नेटला शिव्या दिल्या, आणि तसंच नववीच्या वर्गावर जाऊन बसले. काय शिकवलं ते आठवत नाही.

पुढं परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. मालकीणबाईंनी ते सगळ्यांना दाखवलं. धाकटीनं फोनवर मला वाचून दाखवलं. मध्येच थांबली. त्यात एका नर्सचं उत्तर जसंच्या तसं छापलं होतं, नाव न घालता.

"आक्का, हे माझं वाक्य हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझं न्हाई, माझं हाय."

त्या एका वाक्यानं म्हाताऱ्यांचं ते घर बुडालं असं नाही, पत्रात आणखीही कारणं होती. पण पहिलं कारण तेच होतं : नर्स म्हणून बोलावलं, स्वयंपाकाला लावलं आणि कळवलं नाही. तिच्यासोबत इथून-तिथून आलेल्या आणखी सात जणींचं आयुष्य त्याच लायसनवर टांगलेलं. आता प्रत्येकीला सरकारचं वेगळं पत्र आलंय, साठ दिवसांचं. तेवढ्यात लायसनवाला दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परत यायचं. वाक्य कुणाचं ते सातजणींना माहीत नाही. धाकटी त्यांच्यासोबतच एका घरात राहते, आणि त्या सगळ्या मिळून ती नर्स कोण असंल ते शोधून राहिल्यात.

परवा मी चाकूरला माहेरी गेले होते. एकेचाळीस दिवस उरले होते. दुपारी धाकटीचा फोन आला, संध्याकाळी नव्या ठिकाणी मुलाखत होती. मी विचारलं, तयारी करून घेऊ का? ती म्हणाली, "नको आक्का, मी बघते." आवाज साधाच होता. मला रडू आलं.

आईला आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "भिऊ नको माय. त्यांना सांग, आमची लेक जे पडंल ते करते म्हणून."

 पलीकडून धाकटी म्हणाली, "हाव, आई."