पाठीवरचा उजेड

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. आयुष्यभर कॉलेजात इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहायला बसले ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही जिचा मला अजून उलगडा झालेला नाही अशा एका व्यक्तीवर. या धार्ष्ट्याबद्दल क्षमा असावी.

तोंडात टाचण्या धरून, तर्जनी हवेत गोल फिरवत त्या म्हणत, "स्वल्प वळा, मिस." स्वल्प म्हणजे कानडीत जरासे. समोरून कितीही नीट पाहिले तरी पाठ पाहिल्याशिवाय माणसाचे माप पुरे होत नाही, असा त्यांचा विश्वास असावा. जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीत त्या आपल्या मुलाकडे राहत. घराणे याच कानडी शहरातल्या चामराजपेटेतले, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारे मराठी. सगळी इमारत त्यांना अक्का म्हणे.

नोव्हेंबरातल्या कानडी राज्योत्सवाच्या कार्यक्रमात काळोखातला नाच बसवायचा, ही कल्पना नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुण शेजाऱ्याची. अंगात काळे कपडे, त्यांवर उजेड देणारी तार. दिवे मालवले की माणूस दिसत नाही, नुसती रेषांची आकृती नाचते. चेहरा दिसणार नाही, या एकाच आशेवर मी पाचांतली पाचवी म्हणून उभी राहायला कबूल झाले. कपडे शिवायचे अक्कांनी.

ती तार त्यांनी बोटांत धरून पाहिली. सुतळीएवढी जाड, मऊ, आणि पेटूनही थंडगार. सेलची डबी चालू केली की बारीक कुणकुण येई.

"मच्छर पण आत शिवायचा का?" त्यांनी विचारले.

मशीनची सुई तारेवर चालेना, म्हणून नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने त्या एकेक टाका हाताने घालत गेल्या. कोपरापाशी टाके सैल ठेवत. तिथे ओढ बसली की तार तुटते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. त्या तरुणाशी भांडण झाले ते पाठीवरून.

"पाठीला वायर काऊन लावता, अक्का? फक्त पुढून ठेवा. सगळे एकदम वळले की गायब. लोकं पाहतच राहतील."

"माणूस वळला म्हणून गायब होतोय होय?"

"नाचात होते ना."

"आमच्यात पाठ सोडून कुणी शिवत नाही, बाबा."

"अक्का, प्लीज."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला. पटले की कंटाळल्या, मला कळले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही रंगमंचावर रांगेत उभे राहिलो, अंधार झाल्यावर खिशातली बटणे दाबली आणि नाचलो. शेवटी ठरल्याप्रमाणे पाचही जण एकदम वळलो. सभागृहात एकाएकी हशा पिकला, आणि हशामागोमाग टाळ्या. मला वाटले, कुणी पडले. पडदा पडल्यावर तो तरुण कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, बाकीचे सगळे गायब. तुम्ही एकट्याच चमकत होत्या."

मी जॅकेट काढून पाहिले. पाठीवर, काळ्या जाळीखाली, पुढच्यासारख्याच हुबेहूब रेषा शिवलेल्या होत्या. ज्या बाईला पाचजणांतही लपायचे होते, तिच्या एकटीच्याच पाठीवर.

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारायला गेले. "माझ्याच का?"

"तुम्ही लिफ्टमध्ये पण भिंतीकडे तोंड करून उभ्या राहता की," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथं आल्यापासून मी पाठच बघतेय तुमची. ओळखीची झालीय. तिला अंधारात कशी सोडू?"

माझा अपमान झाला होता की सन्मान, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही. रागावून परतले होते, ते मात्र खरे. तो राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. आणि मग संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून खाली सांडलेल्या टाचण्या वेचणे हा माझा परिपाठ झाला. बोलायच्या त्याच. मी मान खाली घालून ऐके.

मग त्यांच्या मुलाची हैदराबादला बदली झाली. निघण्यापूर्वी एकदा त्यांच्या डोळ्यांत बघून, तुमची फार आठवण येईल, एवढे म्हणायचे मी ठरवले होते. ते वाक्य घरात म्हणूनही पाहिले.

"खाली येऊ नका, मिस," त्यांनीच सांगितले. "खाली सगळे असणार, तुम्हाला काही सुचायचं नाही. वरनंच बघा."

टॅक्सी आली तेव्हा अंधारून आले होते. मी ते जॅकेट घातले, बटण दाबले आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कठड्याला टेकून, आयुष्यात प्रथमच, कुणाकडे तरी सरळ तोंड करून उभी राहिले. गेटच्या दिव्याखाली त्यांनी वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तर्जनी उचलून हवेत गोल फिरवली.

आणि मी, इतक्या दिवसांच्या सवयीने, वळले.

पुन्हा वळून पाहिले तेव्हा टॅक्सी गेटाबाहेर गेली होती. डबीची कुणकुण तेवढी चालू होती.

वाचकहो, अंधारात चेहरा दिसत नाही आणि पुढच्या-मागच्या रेषा तर सारख्याच; तुम्ही खाली त्या दिव्यापाशी उभे असता, तर मी आधी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते, हे तुम्हाला कळले असते का?