रिकाम्या खोलीचा आकडा

काकूचा फोन आला तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या आमच्या बाल्कनीतले कपडे काढत होते. "अण्णा गेले गं," एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? तर "रविवारी नक्की येते" असं मी त्यांना चौथ्यांदा सांगितलं होतं... दीड महिना झाला, तो रविवार काही पाठ सोडत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. मूळचे बेळगावचे, पण उभी हयात इथे, आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात किरणोत्सर्ग मोजणारी मीटरं दुरुस्त करण्यात गेली. लहानपणी त्यांनी मला एक मीटर उघडून दाखवलं होतं. बोटाएवढी नळी, आत वायू, मधोमध बारीक तार. किरण आत शिरला की विजेचा झटका तारेपर्यंत जातो आणि 'टक्' वाजतं. मोजायचे ते हे टक्. "पण आधी रिकाम्या खोलीचे मोजायचे," ते बजावायचे. "माती, भिंती, आभाळ, सगळ्यातनं थोडं येतंयच. खोली कधी शून्य दाखवत नाही. तो आकडा वजा केल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही!"

यंदा त्यांच्या थायरॉइडवर उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं, आणि मीटरवाला माणूसच मोजायची वस्तू झाला. मला तेव्हा तिसरा महिना. गरोदर बाईने काही दिवस लांब राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णा रोज सकाळी नळी स्वतःच्या गळ्याशी धरायचे आणि मला क्रिकेटच्या स्कोअरसारखा फोनवर आकडा सांगायचे. डॉक्टरांनी दिलेले दिवस संपले, तरी ते थांबले. आकडा पार खाली येईपर्यंत थांबले. मग एके दिवशी: "ये की गं आता! खोलीएवढा झालोय मी. दहा-दहा मिनिटं मोजलंय, स्वल्प बी जास्त नाही."

मी म्हटलं, रिंग रोडला फार ट्रॅफिक असतं, अण्णा. धादांत खोटं! मला भीती वाटत होती. ज्यांच्या मांडीवर वाढले, त्यांचीच. त्यांना ते कळलं असणार, कारण नंतर ते फक्त "सरी, बरं, सावकाश ये" एवढंच म्हणायचे.

एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय बंद पडलं. आयोडीनचा काही संबंध नव्हता. पोटुशीने अशा घरी जायचं नसतं म्हणून घरच्यांनी मला अडवलं आणि, सांगायला लाज वाटते, मला बरंच वाटलं.

परवा एकदाची गेले, आठव्या महिन्याचं पोट घेऊन. टेबलावर मीटर तसंच होतं. त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर अण्णांचं अक्षर: 'खोली २३१. मी २२८.' मी त्यांच्या खुर्चीत बसले, यंत्र चालू केलं आणि दहा मिनिटं मोजत राहिले. टक्... टक् टक्... टक्. दोनशे चौतीस. अण्णा खोलीत असताना जेवढं, तेवढंच अण्णा नसताना.

"किती आलं गं?" दारातून काकूने विचारलं.

"तेवढंच, काकू. खरंच सांगत होते ते."

"मग यायचं होतंस की," ती म्हणाली. "रोज दोन कप मांडायला सांगायचे, एक तुझा."

टकटक चालूच होती. यंत्र बंद करायला माझा हात होईना.