अक्काचा आवाज

परवा लाडवांसाठी पातेल्यात गूळ कढत ठेवला आणि त्या वासानं मी पन्नास वर्षं मागं, सांगलीजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर जाऊन पोचले.

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, साधं पाणी मागितलं तरी शेजारच्या आळीत ऐकू जायचं. आपला आवाज किती मोठा आहे, हे तिला कळायचंच नाही. आज डॉक्टर याला स्वमग्नतेचा भाग म्हणतात. तेव्हा घरात एकच औषध होतं, "अक्का, हळू!" पाहुण्यांसमोर मी नुसतं ओठांवर बोट ठेवायची. मग ती दिवसभर बोलायची नाही. ते बोट मला फार शहाणपणाचं वाटायचं.

एक दिवस गुऱ्हाळावर उसाच्या घाण्याचं इंजिन धडधडत होतं. काहिलीत, त्या मोठ्या कढईत, गूळ तयार झाला, पण खाली चुलवाणात उसाची चिपाडं सारणाऱ्या मामांना गूळ पारखणाऱ्या गुळव्या तात्यांची हाक ऐकू जाईना. गूळ करपणार, तेवढ्यात अक्का ओरडली, "मामा, जाळ थांबवा!"

जाळ थांबला.

"लय झ्याक आवाज हाय, पोरी," तात्या म्हणाले. "हितंच थांब माझ्यापाशी."

दिवसभर प्रत्येक काहिलीला अक्कानंच हाक दिली.

संध्याकाळी इंजिन बंद केलं. त्या शांततेत ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "शोभे, आज मला कुणीबी हळू म्हटलं न्हाई!"

सगळे वळून बघायला लागले. सवयीनं माझं बोट ओठांवर गेलं होतं. अक्काचा चेहरा उतरायला लागला.

बोटाला मघाशी चाखलेला गूळ चिकटलेला होता. मी ते तसंच तोंडात घातलं आणि चोखत राहिले.