फोनवरची बाई

सुगंधा ठाकूर पेणच्या खाडीकाठच्या गावातली. आईबाप मिठागरावर राबायचे. बारावी होईपर्यंत सुट्टीत तीही मीठ ओढायला जायची. त्या खाऱ्या पाण्यानं टाचा फुटलेल्या, आणि बोलताना गाडीची 'गारी' व्हायची, डोळ्याचा 'डोला'. १९९२ साली ती रोह्याजवळच्या धाटावमधल्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीला गेली. साहेबांनी तिला एक उतारा वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीला एक साहेब हसला आणि बाकीच्यांनी फाईल मिटली.

पेणला हन्नाबाई रोहेकर टायपिंगचा क्लास चालवायच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. भावंडं, पोरं सगळी इस्रायलला गेलेली, या एकट्या मागे राहिलेल्या. मुंबईत तीस वर्षं ऑपरेटर होत्या. सुगंधा त्यांच्याकडे जाऊन रडली.

"मलाही हसले होते," हन्नाबाई म्हणाल्या. "उद्यापासून क्लास सुटला की थांब."

वर्षभर ती थांबली. पाणी, लोणी, गाडी, वाडा. एकेक शब्द शंभरदा. समोरचा ओरडला तरी आपला आवाज चढवायचा नाही, घाबरलो तरी श्वास ऐकू द्यायचा नाही. बाईंनी स्वतःच्या दोन वॉयलच्या साड्या दिल्या, केसांचं तेल कमी करायला लावलं, पुढून-मागून बंद सँडल घ्यायला लावले. मनगटावरच्या गोंदणावर घड्याळाचा पट्टा येऊ लागला. घरीही ती तसंच बोलायला लागली, तेव्हा बाप तिच्याशी बोलायचाच कमी झाला. काही विचारायचं असलं की आईला पुढे करायचा.

पुढच्या वर्षी ती त्याच कंपनीत लागली. हसलेल्या साहेबानंच तिला घेतलं. ही तीच मुलगी हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ती रोह्यात खोली घेऊन राहू लागली; ऑफिसात कामाला आहे, एवढंच गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांनी तिनंच शब्द टाकून गावातल्या शेजारच्या जनूला प्लांटमध्ये हेल्पर म्हणून लावलं. जनू तिच्याबरोबर मिठागरात वाढलेला. गेटवर दिसला की "काय गो सुगंधे" म्हणायचा, आणि आसपास कुणी असलं की ती मान वळवायची.

१९९६च्या मे महिन्यात, सकाळच्या शिफ्टला, प्लांटमध्ये एक पाइप फुटला. सहा माणसं भाजली. जनू त्यात होता. त्याला मुंबईच्या इस्पितळात हलवलं. तिथल्या डॉक्टरांचा फोन सुगंधानंच मॅनेजरांना जोडून दिला होता, आणि जनू वाचणार नाही हे तिनं ऐकलं होतं. मॅनेजर टेलिफोनच्या बोर्डाजवळ आले आणि तिच्यासमोर एक कागद ठेवला.

"एवढंच वाचायचं. नावं सांगायची नाहीत. तुमचा आवाज शांत आहे, तुम्हीच घ्या सगळे फोन."

चारच्या सुमाराला गावच्या रेशन दुकानातून फोन आला.

"मी बायजाबाय बोलतंय, जनूची बायको. कंपनीत कायतरी झालाय म्हंतात. आमचा मानूस बरा हाय ना, बाय?"

सुगंधानं कागद वाचला. "किरकोळ अपघात झाला आहे. सर्वांवर योग्य उपचार सुरू आहेत. काळजीचं कारण नाही."

"आमी येऊ का?"

हे कागदावर नव्हतं. मॅनेजर शेजारी उभे होते.

"येण्याची आवश्यकता नाही," ती म्हणाली.

जनू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सकाळपर्यंत शुद्धीवर होता. बायजाबाई आली का, असं दर थोड्या वेळानं विचारत होता, असं शेजारच्या खाटेवरच्या कामगारानं नंतर सांगितलं.

दहाव्याला सुगंधा गावी गेली. बायजाबाई ओटीवर बसली होती, चार बायका जवळ होत्या.

"त्या फोनवरच्या बायनं इतका नीट सांगितला," बायजाबाई म्हणाली. "म्हनून आमी घरीच रायलो. नायतर त्याच दुपारी निघालो असतो."

"बायजे, ती मीच होते."

बायजाबाई तिच्याकडे बघत राहिली. "तू कशी असशील गो? ती बामनाची बाय होती."

खरंतर सुगंधा तिथंच थांबू शकली असती. कुणी शंका घेतली नसती. पण तिनं खाली मान घालून, त्याच आवाजात, ती वाक्यं पहिल्यापासून म्हणून दाखवली. शेवटचंही. बायजाबाईनं पदर सावरला.

"तुमाला ठावं होतं, तो मरतोय?" तिनं विचारलं. जन्मभर तिनं सुगंधाला अगंतुगं केलं होतं.

"होतं."

"मंग जावा आता."

सुगंधानं बोर्डावरून बदली मागितली, स्टोअरमध्ये टाका म्हणाली. मॅनेजर म्हणाले, असा आवाज दुसरा कुठून आणू? नोकरी सोडायचं तिनं हन्नाबाईंकडे काढलं. बाई म्हणाल्या, "बोलायला मी शिकवलं. यापुढचं मला येत नाही." त्याच वर्षी उधाणानं मिठागराचा बांध फुटला, बापाचं काम गेलं आणि घर तिच्या पगारावर आलं. तिनं राजीनामा लिहिला नाही.

पुढची कितीतरी वर्षं ती बोर्डावर होती. आईला भेटायला जायची तेव्हा बायजाबाईच्या ओटीसमोरच्या वाटेनं जायची नाही; बांधावरून लांबचा फेरा घालून, घराच्या मागच्या दारानं आत यायची.