चपलीखालचा टायरचा तुकडा

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. बायको आदिलाबादच्या दवाखान्यात पडून होती आणि मी जैनथहून रोज सायकलनं तिला भाकर नेत होतो. माझे तळपाय सपाट. पायडल मारताना ते आत कलायचे अन् गुडघा असा ठणकायचा की वाटेत रडू यायचं. मोची म्हणाला, चपलीखाली एका अंगानं टायरचा तुकडा ठोक. मी शहाण्यानं बाहेरच्या अंगानं ठोकला. पाय आणखीच आत पडला, गुडघा सुजला आणि दोन दिवस मी घरातच पडलो.

तिसऱ्या दिवशी लंगडत पोचलो.

"काऊन आले नाही जी?"

मी चपला दाखवल्या. ती खाटेवरूनच हसली. "भाताचा गंज चुलीवर जिकडं कलते, तिकडंच खाली खापरीचा तुकडा लावतात ना? तुमी तर उलटीच लावली!"

मी तुकडा आतल्या अंगानं ठोकला. गुडघा सरळ चालू लागला, दुखणं थांबलं. तसा तीनच दिवस गेलो, मग ती गेली. मी घरी पडलो होतो, ते दोन दिवस ती दाराकडंच पाहत होती, असं शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. कोणत्या अंगानं ठोकू, एवढं मोच्याला विचारायला माझं तोंड उघडलं नाही.