गोळी आधी की रक्त आधी

गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असा त्यांचा लौकिक. पण गेलं वर्षभर हात असे कापत, की कापड बेतायचं तेवढं ते बेतत आणि शिवण सारी सुनेकडे जाई. थंडीआधी नातीचा कोट तरी आपल्या हातांनी व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

थरथर औषधाची होती. वर्षापूर्वी थोरल्या ताईने त्यांना आपली एक किडनी दिली. शरीरातले राखणदार या पाहुणीला परकी समजून तिच्यावर धावून जातात, म्हणून सकाळी आठला आणि रात्री आठला गोळी घेऊन त्यांना जरा पेंगत ठेवायचं. औषध कमी पडलं तर किडनी गेली. जास्त झालं तर हात कापतात, कुठलाही आजार आत शिरतो, वर किडनीलाच त्रास. म्हणून दर महिन्याला रक्तात औषध किती उरलंय ते बघायचं, तेही सकाळची गोळी घ्यायच्या आधी.

या महिन्याच्या तपासणीच्या सकाळी आठ वाजले आणि मास्तरांनी सवयीने गोळी गिळली. लक्षात आलं ते दवाखान्यात रक्त देऊन ताईशेजारी बाकावर टेकल्यावर.

आता आकडा फुगून येणार. डॉक्टरीणबाई डोस कमी करणार. हातांची थरथर थांबणार. मग तोंड उघडायचं कशाला?

"काय रे, चोरी करून आल्यासारखा का बसलायस?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मी साठ वर्षं ऐकतेय."

मास्तरांनी खाली मान घालून सांगून टाकलं. "हात कापायचे थांबले असते गं," ते पुटपुटले.

"आणि माझी किडनी? ती काय मी बाजारातून पावशेर आणली होती?"

आख्खा बाक हसला. मास्तरही हसले. मग उठले आणि कोणी न ढकलता स्वतःच आत गेले.

"बरं झालं बोललात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोट्या आकड्यावर मी डोस उतरवला असता, आणि वर्षभराची मेहनत पाण्यात. उद्या पुन्हा या. गोळी खिशात, पोटात नाही."

दुसऱ्या दिवशी गोळीआधीच रक्त दिलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आकडा खराच थोडा वर होता.

"शरीर आता रुळलंय, इतक्या औषधाची गरज नाही. सकाळची एक छोटी गोळी कमी करू. आठवड्याने पुन्हा रक्त. आपल्या मनाने काही बदलायचं नाही, मला विचारल्याशिवाय दुकानातून कसलं औषध आणायचं नाही. आणि ताप आला तर लगेच फोन."

"गेलं की नाही थरथरीचं भूत?" ताईने विचारलं.

"गोळी कमी झाली, म्हणजे अर्धं गेलं."

हात हळूहळू स्थिरावले. महिन्याभराने मास्तरांनी नातीच्या कोटाची बाही स्वतः जोडली. ताईने ती उजेडात धरून पाहिली.

"बाही फिरलीय. सरळ पडत नाही."

"जरा फिरलीय खरी."

"उसव मग."

आणि मास्तर कधी नव्हे इतक्या आनंदाने बाही उसवायला बसले.